मोठे ब्रेक टाकले पण पेडल परत परत खाली जातंय? ब्लीडिंग थांबवा, आधी हे बघा

छोट्या इंजिनच्या हॅचबॅकला त्याच कंपनीच्या मोठ्या इंजिनवाल्या मॉडेलचे पुढचे ब्रेक टाकले, म्हणजे कॅलिपर (पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणारा भाग), ब्रॅकेट, डिस्क, पॅड सगळंच. डिस्क २३६ मिमीची होती ती २५६ ची झाली, कॅलिपरचा पिस्टन ४८ चा होता तो ५४ चा झाला. बसवलं, ब्लीड केलं (म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढली), पेडल एकदम टणक, एक चक्कर मारून आलो आणि स्वतःवरच खूश. दोन दिवसांनी सिग्नलला पाय ठेवला तर पेडल निम्म्यापर्यंत गेलं आणि मग कुठे पकडलं. काळजात धस्स झालं. लगेच सोडून परत दाबलं तर एकदम वर, जसं काही झालंच नाही.

हवा राहिली असणार, दुसरं काय, म्हणून परत ब्लीड केलं. परत मस्त. परत दोन दिवसांनी तेच. असं मी चार वेळा केलं, दीड लिटर ब्रेक ऑइल गेलं, भाचा पेडल दाबून दाबून वैतागला ("मामा, आता शेवटचं ना?"), आणि शेवटी कळलं की हवा पहिल्या दिवसापासून नव्हतीच. ज्यांनी दुसऱ्या मॉडेलचे ब्रेक बसवलेत आणि जे दर आठवड्याला ब्लीडिंग करत बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पेडल असं वरखाली होत असेल तर ती गाडी रोजच्या रस्त्यावर फिरवू नका. मी तशीच फिरवली, तो मूर्खपणा होता.

आता मुद्दा. ब्लीड केल्यावर पेडल सुधारतं म्हणून हवाच होती असं आपण धरून चालतो, तिथेच फसतो. ब्लीडिंग करताना आपण नक्की काय करतो ते आठवा. गाडी जॅकवर, चाकं फिरत नाहीयेत, आणि कोणीतरी पेडल पन्नास-साठ वेळा दाबतंय. म्हणजे पिस्टन पुढे येऊन पॅड डिस्कला अगदी टेकून बसतात. पेडल टणक लागणारच! हवा निघाली म्हणून नाही, पॅड जवळ आले म्हणून. मग गाडी रस्त्यावर नेली की काहीतरी ते पॅड मागे ढकलतं, मधे फट पडते, आणि पहिल्या दाबाचं सगळं ऑइल ती फट भरण्यात जातं. दुसऱ्या दाबाला फट नसते म्हणून पेडल वर. निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) न उघडता नुसतं पेडल साठ वेळा दाबलं असतं तरी मला तेवढाच "फरक" पडला असता. हे मी पाचव्या वेळी करून बघितलं, खरंच पडला.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. साधी स्टीलची मेजरिंग टेप, स्टिअरिंगच्या खालच्या कडेपासून पेडलच्या रबरापर्यंत. पाय न ठेवता किती, आणि नेहमीच्या जोरानं दाबल्यावर किती, त्यातला फरक म्हणजे पेडलचा प्रवास. इंजिन चालू ठेवून मोजा नाहीतर बंद ठेवून, पण प्रत्येक वेळी एकच पद्धत आणि शक्यतो एकाच माणसाचा पाय.

पहिली चाचणी गाडी जागेवरून न हलवता. पेडल पाच-सहा वेळा दाबून वर आणा, सोडा, दहा मिनिटं काहीतरी दुसरं काम करा, मग एकदा दाबून मोजा, लगेच दुसऱ्यांदा दाबून मोजा. माझं पहिल्या दाबाला ६३ मिमी, दुसऱ्याला ६२. म्हणजे काहीच फरक नाही.

दुसरी चाचणी गाडी चालवून, आणि इथे लोक गडबड करतात, कारण गाडी थांबवताना ब्रेक दाबला की चाचणीच संपली, पॅड जागेवर आले. त्यामुळे हे मोकळ्या सपाट मैदानातच करायचं, जिथे आजूबाजूला कोणी नाही. सावकाश दोन-चार वळणं घ्यायची, डावीकडे उजवीकडे, मग गिअरवर वेग कमी करत आणायचा आणि शेवटी हँडब्रेकनं हळू थांबवायची. आता पेडल दाबून मोजा. माझं पहिल्या दाबाला ७४, दुसऱ्याला ६२.

हे १२ मिमी म्हणजेच आजार. उभ्या गाडीत येत नाही, चाक फिरलं की येतो. हवेला चाक फिरतंय की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती उभ्या गाडीतही पेडल स्पंज करणारच. इथे मला पहिल्यांदा पटलं की आपण चुकीच्या दरवाजावर टकटक करतोय.

तुमची गाडी उभ्या चाचणीतच नापास झाली तर मात्र रस्ता वेगळा, तो आधी उरकतो. दुसऱ्या मॉडेलचे कॅलिपर लावताना सगळ्यात कॉमन चूक म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बऱ्याच कॅलिपरांना दोन्ही बाजूंना भोकं सारखीच असतात, बसतात अगदी व्यवस्थित, फक्त ब्लीडर निपल वरच्या ऐवजी खाली येतो. हवा वर जाते आणि निपल खाली, मग आयुष्यभर ब्लीड करा, कॅलिपरच्या डोक्यात अडकलेला बुडबुडा काही निघणार नाही. निपल गाडीवर बसलेल्या स्थितीत कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला पाहिजे. काही वेळा बाजू बरोबर असते पण नव्या गाडीत कॅलिपर थोड्या वेगळ्या कोनात बसतो आणि निपल शिखरावरून घसरतो, तेव्हा कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवून, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा घालून, निपल वर धरून ब्लीड करायचं. ठोकळा विसरलात तर पिस्टन बाहेर येईल आणि मग खरा तमाशा.

हवा आहे का हे बघायचा एक जुना उपाय आहे, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढून कोणालातरी पेडल भराभर दाबून धरायला सांगायचं आणि मग झटकन सोडायला. आत दबलेली हवा असेल तर टाकीत कारंजं उडतं. तोंड टाकीवर नेऊ नका, डोळ्याला गॉगल, आणि बॉनेटच्या रंगावर फडकं, ते ऑइल रंग खातं. हलक्या पायानं पेडल धरून ठेवलं आणि ते सावकाश खाली खाली जात राहिलं, आणि गळती कुठेच नाही, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल कॅलिपरकडे ढकलतो तो) आतून ऑइल सोडतोय. मागे ड्रम असतील तर हँडब्रेक ओढून पेडल दाबून बघा, लक्षात येण्याइतकं वर आलं तर ड्रमचं ॲडजस्टमेंट सैल झालंय, पुढच्या नव्या ब्रेकला उगाच शिव्या घालू नका. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधे हवा शिरली असेल तर ती नुसत्या पेडलनं निघेलच असं नाही, स्कॅनर लावून त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

भंगारातून आणलेले, बरेच दिवस कोरडे पडलेले कॅलिपर असतील तर अजून एक. कॅलिपरच्या आत चौकोनी कापाची रबरी रिंग असते, ती फक्त ऑइल अडवत नाही, ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे पण ओढते. पिस्टनला गंज धरून ती रिंग चिकटली की गरजेपेक्षा जास्त मागे ओढते. मग गाडी हलली नाही तरी दर वेळी पहिला दाब खोल. अशा वेळी कॅलिपर उघडून सील किट टाका, पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही.

परत माझ्या गाडीकडे. फिरल्यावर पॅड मागे जातात याला नॉकबॅक म्हणतात. पॅडला मागे ढकलू शकेल अशी वस्तू एकच, ती म्हणजे डिस्क. म्हणजे डिस्क सरळ फिरत नाहीये. एक तर स्वतः वाकडी आहे, नाहीतर वाकडी बसली आहे, नाहीतर ज्या हबवर (चाक आणि डिस्क ज्याला लागतात तो फिरणारा भाग) बसली तो हब बेअरिंगसकट हलतोय.

यासाठी डायल गेज (बारीक झुलणं काट्यावर दाखवणारं) आणि चुंबकाचा स्टँड लागतो, कोणाकडून तरी मागून आणा. चाक काढलं की डिस्क हबवर सैल असते, तशीच मोजली तर कचरा आकडे येतील, म्हणून सगळे नट सपाट वॉशर घालून लावायचे आणि समोरासमोर सारखे आवळायचे. स्टँड नकलला (हब आणि ब्रॅकेट ज्याला लागतात तो न फिरणारा लोखंडी भाग) चिकटवायचा, गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत, आणि हातानं डिस्क हळू फिरवायची. नक्की मर्यादा किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे बघा, पण साधारण ०.०५ मिमीच्या आसपास असेल तर चांगलं समजायचं. माझ्या उजव्या चाकाचा काटा ०.१८ पर्यंत झुलत होता. डावीकडे ०.१२.

आता हे आकडे बघून कोणी म्हणेल की केसाएवढं पण नाही, यानं काय होतंय. हिशोब करून बघा, मी बसून केला. ५४ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ २२९० चौरस मिमी. तो ०.१८ मागे गेला म्हणजे ४१२ घन मिमी जागा रिकामी झाली, डावीकडे ०.१२ ने २७५, मिळून ६८७. माझा मास्टर सिलिंडर २०.६४ मिमीचा, त्याचं क्षेत्रफळ ३३५ च्या आसपास, म्हणजे त्याच्या पिस्टनला २ मिमी जास्त जावं लागणार. आणि पेडलची लिव्हर साधारण साडेचार पट, म्हणजे पायाखाली ९ मिमी. टेप १२ सांगत होता. उरलेले ३ कुठले हा प्रश्न डोक्यात ठेवून मी उजवं चाक परत लावलं आणि वरून-खालून दोन हातानं धरून हलवलं, तर बारीक कट्-कट् लागली. बेअरिंग! वळणावर चाकावर वजन आलं की हब तिरका होतो आणि डिस्क पॅडला अजून ढकलते. जुन्या छोट्या ब्रेकवर ते बेअरिंग तसंच असणार, पण तिथे पिस्टन लहान होता, डिस्क पण लहान होती, त्यामुळे कधी जाणवलंच नाही. मोठे ब्रेक लावले की जुने आजार मोठ्या आवाजात बोलायला लागतात.

मग प्रश्न, डिस्क वाकडी का हब वाकडा? डिस्क नवी होती म्हणून माझा संशय हबवर, पण अंदाजानं पार्ट बदलायचे दिवस गेले (आणि पैसेही). सोपा उपाय आहे. काटा जिथे सगळ्यात जास्त जातो तिथे डिस्कवर मार्करनं खूण, तिच्या सगळ्यात जवळच्या बोल्टवर पण खूण. मग डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून लावायची आणि परत मोजायचं. उंचवटा डिस्कच्या खुणेबरोबर सरकला तर दोष डिस्कचा, बोल्टच्या खुणेपाशीच राहिला तर दोष हबचा. माझा धड ना इकडे ना तिकडे. दर वेळी वेगळ्याच जागी, एकदा ०.१८, एकदा ०.११, एकदा ०.२०. डोकं फिरलं राव.

दर वेळी वेगळं येतंय याचा अर्थ एकच होतो, की डिस्क पूर्ण टेकतच नाहीये, मिळेल तशी बसतेय. डिस्कच्या मागच्या बाजूला, जिथे ती हबला चिकटते तिथे, सगळीकडे मार्कर फासला, लावली, नट आवळले, काढली. खरं तर मार्कर पूर्ण पट्टीभर पुसला जायला पाहिजे होता. पुसला होता फक्त मधल्या भोकाच्या काठाला, एक बारीक चकचकीत चंद्रकोर, बाकी सगळी शाई जशीच्या तशी.

आणि मग हबकडे नीट बघितलं. हबच्या मधे जो उंचवटा असतो, ज्याच्यावर डिस्कचं भोक बसतं, त्याच्या बुडाशी काटकोन नसतो, थोडी गोलाई असते. ती चुकवायला डिस्कच्या भोकाच्या आतल्या काठाला चॅम्फर (तिरका काप) मारलेला असतो. माझ्या हबची गोलाई मोठी आणि त्या दुसऱ्या मॉडेलच्या डिस्कचा चॅम्फर छोटा. भोकाचा व्यास बरोबर, बोल्टचं अंतर बरोबर, सगळं कागदावर जुळतंय, पण डिस्क त्या गोलाईवर चढून बसते आणि नट आवळले की ज्या बाजूला आधी आवळाल तिकडे झुकते. सगळे जण डिस्कचा व्यास, बोल्टांची संख्या आणि मधलं भोक एवढंच जुळवून बघतात. मीही तेच केलं होतं.

लेथवर दोन्ही डिस्कच्या भोकाचा आतला काठ अर्धा-पाऊण मिमी जास्त मारून घेतला, फक्त काठ, ब्रेकचा पृष्ठभाग किंवा बसायची पट्टी याला हात नाही. हबची तोंडं पण साफ केली, वायर ब्रशनं आणि मग बारीक पॉलिश पेपरनं. बोल्टांच्या बुडाशी गंजाचे कडक पापुद्रे असतात ते नखाला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. हबची पट्टी मधून साधारण ६ सेंटिमीटरवर संपते आणि डिस्कची कड १३ सेंटिमीटरवर, म्हणजे हबवर जेवढा कण तेवढ्याच्या दुप्पट झुलणं डिस्कच्या कडेला. उजवं बेअरिंग नवं टाकलं. परत गेज लावला तर उजवीकडे ०.०४, डावीकडे ०.०३, आणि डिस्क एक बोल्ट सरकवून लावली तरी तेवढंच. मैदानातली चाचणी परत केली, पहिला दाब ६४, दुसरा ६२.

हे सगळं निस्तरताना कॅलिपरच्या स्लाइड पिन पण बघा, कारण तरंगत्या कॅलिपरचं (पिस्टन एकाच बाजूला, कॅलिपर स्वतः सरकतो) काम पिनवर चालतं. पिन मोकळ्या असतील तर डिस्क थोडी झुलली तरी कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो, जाम असतील तर सगळा धक्का पिस्टन खातो. बऱ्याच कॅलिपरमधे दोन पिन वेगळ्या असतात, एकीला टोकाला रबराची टोपी असते, ती वरची का खालची हे काढताना बघून ठेवा, उलटी लावली की चिकटते. आणि ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनवालं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि सहा महिन्यांनी पिन हातोडीनं काढाव्या लागतात. तोच नियम ऑइलला. आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो पण ते खनिज ऑइल नाही, इंजिन ऑइलचा एक थेंब पण आत गेला तर सील गेले. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच जातीचे, एकमेकांत चालतात, पण नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. आणि डबा ताजा उघडा, ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं, कोरडं डॉट ४ किमान २३० अंशाला उकळतं आणि पाणी प्यायलेलं १५५ ला सुद्धा उकळू शकतं. घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

आता राहिले ते ६२ मिमी. नॉकबॅक गेला तरी माझं पेडल पूर्वीपेक्षा खोलच आहे, आणि हा दुसरा प्रश्न आहे, पहिल्याशी याची भेसळ करू नका. (जुने ब्रेक काढायच्या आधी पेडल मोजून ठेवलं नाही याचा अजून पश्चात्ताप होतो, तुम्ही तरी मोजा.) ४८ चा पिस्टन ५४ चा झाला म्हणजे क्षेत्रफळ २७ टक्के वाढलं, तेवढंच पॅड सरकवायला २७ टक्के जास्त ऑइल लागणार, आणि ते पुरवणारा मास्टर तोच जुना. हे ब्लीड करून जाणार नाही, हे गणित आहे. मोठ्या मॉडेलला बहुतेक वेळा मास्टरही मोठा असतो, लोक कॅलिपर आणतात आणि मास्टर तिथेच सोडून येतात. २०.६४ च्या जागी २२.२२ मिमीचा टाकला तर क्षेत्रफळ १६ टक्के वाढतं आणि पेडल बरंचसं जुन्या जागेवर येतं. पण फुकट काही मिळत नाही, पायाचा जोर तेवढाच ठेवला तर लाइनमधला दाब १४ टक्के कमी होतो, पेडल छोटं पण कडक. चार पिस्टनवाले कॅलिपर लावणार असाल तर तुलना करताना एकाच बाजूच्या दोन पिस्टनचं क्षेत्रफळ धरा, चारही धरून लोक घाबरतात आणि नको तेवढा मोठा मास्टर आणून बसतात.

मास्टर बदललाच तर बूस्टरचा (पायाचा जोर वाढवतो तो) दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यामधे मॅन्युअलमधे दिलेली बारीक फट राहिली पाहिजे. दांडा लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आतलं परतीचं भोक झाकलेलं राहतं, गरम झालेलं ऑइल टाकीत परत जात नाही आणि ब्रेक आपोआप धरून बसतात. त्याची खूण याच्या उलटी: चालवत जाल तसं पेडल वर आणि कडक होत जातं, चाकं तापतात, गाडी ओढल्यासारखी वाटते, आणि थंड झाली की परत नॉर्मल. हा पण परत परत येणाराच आजार आणि यालाही लोक कॅलिपर जाम म्हणून कॅलिपर उघडत बसतात.

मी मास्टर अजून बदललेला नाही. कारण पुढचा ब्रेक आधीच जास्त झालाय. पिस्टन २७ टक्के मोठा आणि मोठ्या डिस्कमुळे लिव्हर साधारण ८ टक्के लांब, दोन्ही मिळून तेवढ्याच दाबाला पुढची पकड साधारण ३७ टक्के वाढली, मागे मात्र तेच जुने ड्रम. पुढचे टायर त्यामुळे लवकर हरतात आणि मागचे नुसते बरोबर येतात. एका जोरदार ब्रेकमधे गाडी किती अंतरात थांबते ते शेवटी टायर ठरवतो, जुने ब्रेक जर चाक लॉक करू शकत होते किंवा एबीएस चालू करू शकत होते तर मोठ्या डिस्कनं ते अंतर कमी होणार नाही, उलट बॅलन्स पुढे सरकल्यानं थोडं वाढू पण शकतं. मोठी डिस्क उष्णता जास्त पचवते, लागोपाठ ब्रेक मारताना फेड होत नाही (तापून पकड कमी होत नाही), मला तेवढंच पाहिजे होतं. ज्याला नुसतं "लवकर थांबायला पाहिजे" आहे त्यानं चांगले टायर घ्यावेत आणि कॅलिपरच्या नादाला लागू नये, असं माझं मत, पटलं तर घ्या.

बसवतानाच्या दोन-तीन बारीक गोष्टी ज्या नंतर त्रास देतात. बँजो बोल्टचा (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आटा तपासा, जाडी तीच १० मिमी दिसते पण पिच एका गाडीत १.० आणि दुसरीत १.२५ असू शकतो, दोन फेरे जातो आणि मग जड होतो, तिथे जोर लावलात की कॅलिपर गेला. तांब्याचे वॉशर नवेच टाका. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा, चाक खाली लोंबकळत असतानाही, कुठे ताण नको आणि पीळ नको. ब्रॅकेटचे बोल्ट ज्या गाडीचं ब्रॅकेट त्याच गाडीचे घ्या म्हणतात, पण आटा जातो तुमच्या नकलमधे, त्यामुळे लांबी मोजा, पुरेसे फेरे जातायत ना आणि मागे डिस्कला टोक लागत नाही ना.

आणि चाकाचे नट इम्पॅक्ट गननं एकेक करून आवळू देऊ नका. माझी डिस्क सरळ झाल्यावर पंधरा दिवसांनी पंक्चर काढायला एका ठिकाणी गाडी दिली, तिथल्या पोरानं गन लावून एका बाजूनं गोल गोल सगळे नट ठोकले. घरी येईपर्यंत पहिला दाब परत थोडा खोल वाटला. आल्यावर सगळे सैल केले आणि टॉर्क पान्यानं समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळले, भाच्याला हाक मारायची पण वेळ आली नाही. टेप काढून मोजलं: ६४, ६२.